गमरेबाईंचा क्लायंट

४ मार्च १९७९, रविवार

आजपासून लिहायला घेतलं. घर बांधणं माणसाच्या आयुष्यात एकदाच होतं, आणि आमच्या घराण्यात तर पहिल्यांदाच होतंय, तेव्हा नोंद असलेली बरी. वाशीला प्लॉट मिळाल्याचं कळल्यापासून ऑफिसात मला सगळे ‘खाडीपलीकडचे गमरे’ म्हणायला लागले आहेत. म्हणोत. नायगावच्या चाळीत एका खोलीत मी, बायको अरुणा, आमची मुलगी मित्रा आणि माझी आई. तसं राहून बघावं आणि मग हसावं.

अरुणा आर्किटेक्ट आहे. फोर्टमधल्या कॉलेजात शिकवते. त्यामुळे घराचा नकाशा तिनंच काढावा असा निर्णय मी घेतला. हे मुद्दाम लिहून ठेवतो, कारण बायकोवर एवढा विश्वास टाकणारे नवरे आमच्या खात्यात तरी फार नाहीत. तिला सोपं जावं म्हणून एक नकाशा मीच काढून दिला. पुढं मोठा दिवाणखाना, मागं स्वयंपाकघर, मधून जिना, वर दोन खोल्या. तिनं तो नीट बघितला, घडी घालून ठेवला आणि मला समोर बसवलं.

मग पेन्सिल घेऊन प्रश्न सुरू. सकाळी उठल्यावर आधी कुठं जाता, पेपर कुठं वाचता, घरी आल्यावर पहिल्यांदा कोण दिसावंसं वाटतं, कोण दिसू नये असं वाटतं. नऊ वर्षं संसार करून वर हे विचारायचं? तरी मी उत्तरं दिली. पेपर वाचताना माझ्याशी कोणी बोलू नये. आणि दारात पाऊल टाकताच साडूसाहेब दिसू नयेत. साडू म्हणजे तिच्याच थोरल्या बहिणीचा नवरा. तिनं तेही लिहून घेतलं, चेहऱ्यावरची रेघ न हलवता.

“अगं, मी नवरा आहे तुझा,” मी म्हणालो.

“ते नंतर. आत्ता तुम्ही क्लायंट आहात.”

१८ मार्च, रविवार

अरुणानं नकाशा दाखवला. माझ्या नकाशातलं त्यात काही सापडलं नाही. जिना होता, पण भलतीकडं. स्वयंपाकघर चक्क रस्त्याच्या बाजूला. मी म्हटलं, येणाऱ्याजाणाऱ्याला आपली फोडणी दिसणार. आई म्हणाली, दिसू दे की, मलाही येणारेजाणारे दिसतील. दोन मतं विरुद्ध एक. मी सोडून दिलं.

वरच्या मजल्यावर मात्र एक मोठी खोली आहे, उत्तरेला भिंतभर खिडक्या. घरातली सगळ्यात मोठी. ही कशासाठी म्हणून विचारलं, तर म्हणाली, उत्तरेचा उजेड चांगला असतो. खेडहून आमच्या गावची माणसं येतात तेव्हा चाळीत कुठं झोपायचं हा प्रश्नच असतो. त्यांची तिनं एवढी आठवण ठेवली हे बघून बरं वाटलं. मी त्या खोलीवर पेन्सिलीनं ‘पाहुणे’ असं लिहिलं. तिनं पेन्सिल परत मागून घेतली.

आणखी एक गोष्ट मी मनाशी ठरवली आहे. वाशीहून फोर्ट म्हणजे दोन बसेस, धूळ, खाडीवरचा वारा. घर झालं की अरुणानं नोकरी सोडावी. तिच्या तब्येतीसाठी. अजून तिला सांगितलेलं नाही. योग्य वेळ बघून सांगीन.

२० मे, रविवार

पायाचं काम झालं. भिंती वर येतायत. कंत्राटदार पोपट भोईर, तुर्भे गावचा. डोक्याला उपरणं, तोंडात तंबाखू, आवाज मोठा. पहिल्याच दिवशी त्यानं विचारलं, म्याडम ड्रॉइंग देतील, पन काम कोन बगनार? मी म्हटलं, मी.

त्याप्रमाणे मागच्या बुधवारी अर्धी रजा टाकून गेलो. जिन्याची सुरुवात जरा डावीकडं घेतली तर दिवाणखाना ऐसपैस होईल असं माझ्या लक्षात आलं. पोपटला सांगितलं, त्यानं केलं. आज अरुणा आली, चार पायऱ्या बांधून झाल्या होत्या त्यांच्याकडं बघत उभी राहिली. मग पोपटला बाजूला घेऊन हळू आवाजात काहीतरी म्हणाली. तासाभरात पायऱ्या जमिनीवर होत्या. मला एक शब्द नाही. परतीच्या बसमध्ये पुढच्या आठवड्यात कमानींवर काय शिकवणार ते सांगत होती. मी लक्ष घालतो याचं तिला मनातून समाधान असावं.

त्याआधी, साइटवरून निघतानाच, पोपटनं मला गाठलं होतं. “साहेब, आता तुमी मना काय सांगू नका. म्याडमना सांगा, त्या मना सांगतील.”

माणूस शिस्तीचा वाटतो.

२९ जुलै

काम बंद. प्लॉटवर गुडघाभर पाणी, आणि बेडूक असे ओरडतात की सोसायटीची सभा भरल्यासारखं वाटतं. पोपट म्हणतो भात लावा. त्याच्या आजोबांचं शेत इथंच कुठंतरी होतं म्हणे. बोलताना हसत होता, पण मग बराच वेळ त्या पाण्याकडं बघत राहिला.

२३ सप्टेंबर, रविवार

आज स्लॅबच्या सळ्या बांधून झाल्या होत्या म्हणून अरुणानं आपला अख्खा वर्ग साइटवर आणला. लांब केसांची मुलं, बेलबॉटम, खांद्याला झोळ्या. मुलीही होत्या. एकानं मला विचारलं, काका, तुम्ही वॉचमन का? मी मालक म्हणून सांगितलं. अरुणा लांबून म्हणाली, हे क्लायंट. तेव्हापासून सगळी मुलं माझ्याकडं दवाखान्यात पेशंटकडं बघतात तशी बघायला लागली. एका मुलीनं तर मला आपल्या बाटलीतलं पाणी दिलं.

लग्नाला एवढी वर्षं झाली, पण अरुणाला शिकवताना मी आज पहिल्यांदा पाहिलं. ती वाळूच्या ढिगावर उभी राहिली. आवाज चढवला नाही, तरी सगळ्यांना ऐकू जात होतं. मागं दोघं गप्पा मारत होते, त्यांना नावानं हाक मारून तिनं पुढं घेतलं आणि एकाला दोन्ही हात डोक्यावर धरून उभं केलं. त्याच्या हातांवर दुसऱ्यानं ओझं द्यायचं. पहिल्याचं अंग कुठं ताणतं, कुठं दबतं, ते त्यानंच सांगायचं. सळई तिथंच लागते, ती म्हणाली. मला सगळं समजलं. एवढंच काय, पोपटही तंबाखू मळायचा थांबून ऐकत होता.

तिच्या पदराला सिमेंट लागलं होतं. ते तिला सांगायचं राहून गेलं. डबा उघडायचाही राहिला. ऊन फार होतं, त्यामुळे झालं असावं.

८ नोव्हेंबर

पदोन्नती! नागपूर. नवीन वर्षात हजर व्हायचं. ऑफिसात पेढे वाटले. ‘खाडीपलीकडचे गमरे’ आता विदर्भातले झाले.

रविवारी अरुणाला सगळं एकदम सांगीन. म्हणजे नोकरीचंही त्यातच सुटेल. घर पुरं करून भाड्यानं द्यावं, तिनं राजीनामा द्यावा, आणि सगळ्यांनी नागपूरला जावं. आईला तर दीक्षाभूमी रोज दिसेल. एका दगडात किती पक्षी!

११ नोव्हेंबर, रविवार

लिहावं की नाही अशा विचारात होतो. लिहितो.

जेवण झाल्यावर मी सगळी योजना मुद्देसूद मांडली. अरुणानं मध्ये एकदाही तोडलं नाही. माझं अभिनंदन केलं, अगदी मनापासून. मग म्हणाली की तिचंही सांगायचं आहे. विद्यापीठाच्या निवड समितीनं तिला रीडर, म्हणजे प्रोफेसरच्या खालोखाल, नेमलं आहे, जानेवारीपासून. त्यांच्या विभागात आजवर कोणी बाई त्या जागेवर बसलेली नाही. मागच्या आठवड्यातच कळलं होतं, पण नीट बसून सांगावं म्हणून ती रविवारची वाट बघत होती.

गिरणी कामगाराची मुलगी. वडिलांच्या लालबागच्या खोलीत फळीवर कागद ताणून बसायची असं सासरे सांगायचे. मला आनंद झाला. खरंच झाला. पण नागपूरचं काय, असं मी विचारलं.

“मी नागपूरला येणार नाही,” ती म्हणाली. “आम्ही वाशीच्या घरात राहू. तुम्ही सुट्टीत या.”

आम्ही म्हणजे कोण, तर ती, मित्रा आणि आई. मी आईकडं बघितलं. आई तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, “माजी खोली खालीच हाय, बाबा. जिना चढाया नको. तिनं मना कवाच इचारलान.”

म्हणजे आईलाही पेन्सिल घेऊन प्रश्न विचारले होते! मित्रालाही. तिच्या खोलीची खिडकी एवढी खाली का, ते मला आज कळलं. तिनं सांगितलं होतं की झोपून आभाळ दिसायला हवं. आणि वरची ती मोठी खोली पाहुण्यांची नाही. तिथं अरुणाची टेबलं येणार, ड्रॉइंगची, एका ओळीत. पाहुणे खालीच झोपणार, दिवाणखान्यात.

दीक्षाभूमीचं मी आईला विचारून पाहिलं. ती म्हणाली, बघून येईन की. राहायला वाशीच बरी.

१४ नोव्हेंबर

घरात कोणी भांडत नाही, हेच वाईट आहे. अरुणा पूर्वीसारखंच डब्यात लोणचं घालते. मी पूर्वीसारखाच वेळेवर निघतो. आज ऑफिसात एका मसुद्यात तीच ओळ दोनदा लिहिली.

एक विचार मनातून जात नाही. त्या घरात आईची खोली आहे, मित्राची खिडकी आहे, अरुणाचा उजेड आहे. माझं काय आहे?

१९ नोव्हेंबर

रजा टाकून साइटवर गेलो. कारण असं काही नव्हतं. प्लॅस्टर कसं चाललंय ते बघावं म्हटलं.

पोपट एकटाच होता. म्याडम आल्या नाय? त्यानं विचारलं. मी म्हटलं, आज मीच. तो जरा सावध झाला. मी त्याला सांगितलं की मी काही सांगायला आलेलो नाही, बघायला आलोय. मग त्यानं मला जिन्यानं वर नेलं. अर्ध्यावर जिना वळतो तिथं बाहेर काढलेली एक छोटी जागा आहे, एका माणसापुरती. कडेला खिडकी, खिडकीखाली कट्टा. मी त्यावर बसलो. खाडी दिसत होती, आणि लांब पूल. खालून दारातून कोणी आलं तर त्याला मी दिसलो नसतो. मला मात्र तो दिसला असता, आणि आपण घरात नाही असं ठरवायला वेळ मिळाला असता.

पोपट म्हणाला, “ह्यो कट्टा म्याडमनी दोनदा तोडाया लावला. साहेबांचं पाय लोंबकललं नाय पायजेत म्हनल्या.”

माझे पाय जमिनीला व्यवस्थित टेकले होते.

बराच वेळ बसलो. पोपटनं चहा मागवला, तो तिथंच घेतला. प्लॅस्टरकडं बघायचं राहिलं.

घरी आल्यावर अरुणाला म्हटलं, कट्टा ठीक आहे. ती वह्या तपासत होती. “उंची बरोबर आहे का?” तिनं विचारलं. मी म्हटलं, बरोबर आहे. एवढंच बोलणं झालं. पण मग रात्रीच्या भाजीत मीठ होतं, हे बऱ्याच दिवसांनी लक्षात आलं.

२७ जानेवारी १९८०, नागपूर

आलो. यायलाच हवं होतं, ऑर्डर ती ऑर्डर. धरमपेठेत भाड्याची खोली मिळाली आहे. थंडी कडाक्याची, संत्री गोड. हाताखाली माणसं आहेत, टेबलावर काच आहे, बेल वाजवली की शिपाई येतो.

खोली चांगली आहे. शांत आहे.

९ मार्च, नागपूर

घरमालकांना मी आज सांगितलं की त्यांच्या स्वयंपाकघराची खिडकी चुकीच्या बाजूला आहे. दुपारी बाईंच्या डोळ्यांवर ऊन येतं. जिनाही अंधारा आहे, आणि वळणावर टेकायला काही नाही. ते म्हणाले, तुम्ही इंजिनियर का? मी म्हटलं, नाही. क्लायंट.

त्यांना अर्थ कळला नसावा. पण संध्याकाळी बाईंनी वाटीभर सांबारवडी, म्हणजे इकडची कोथिंबीरवडी, पाठवली.

२ मे, वाशी

परवा बुद्धपौर्णिमेला गृहप्रवेश झाला. त्रिसरण-पंचशील झालं, आईनं स्वतः मेणबत्त्या लावल्या. मुलं, विद्यार्थी, चाळीतले शेजारी, खेडची माणसं. पोपट सहकुटुंब आला, त्याच्या बायकोनं ताजी मासळी आणली आणि सरळ स्वयंपाकघरात घुसून आईला शिकवायला लागली. दोघींची भाषा एकमेकींना अर्धीच कळत होती, पण भांडण व्यवस्थित चाललं होतं.

साडूसाहेबही आले. घरभर हिंडून मला शोधत होते. मी कट्ट्यावर होतो.

आलेला प्रत्येक जण ‘गमरेबाईंचं घर’ असं म्हणत होता. पहिल्यांदा मी दुरुस्ती केली. मग सोडून दिली. मला सगळे विचारत होते, परत कधी जाणार? माझ्या घरात उभा असताना मला असं विचारतात.

उद्याची गाडी आहे.

२४ ऑगस्ट, नागपूर

आज रविवार. बोलायला कोणी नव्हतं म्हणून घरमालकांकडं गेलो, तर ते बाहेरगावी. परत आलो. दार लावलं. पेपर वाचला, जाहिरातींसकट. वाचताना मध्ये कोणी बोललं नाही.

११ सप्टेंबर, नागपूर

साहेबांना सांगितलं की पदोन्नती नको, मुंबईला जुन्या जागेवर पाठवा. त्यांनी चष्मा काढून मला बघितलं. असं आजवर कोणी केलेलं नाही म्हणाले. आजारी आहात का, घरी काही भानगड आहे का? मी म्हटलं, नाही. इथलं हवामान मानवत नाही. ते म्हणाले, संत्र्यांच्या गावाचं? मी हो म्हणालो.

अरुणाला अजून कळवलेलं नाही. तिला वाटेल तिच्यासाठी केलं. तसं नाही. खरं म्हणजे नवीन घराच्या पहिल्या वर्षात कुठं ओल येते का, यावर घरच्या माणसानं लक्ष ठेवायचं असतं.

१९ ऑक्टोबर, वाशी

आलो. पेटी घेऊन दारात उभा राहिलो तेव्हा अरुणा घाईत होती, शनिवारचं लेक्चर रविवारी ठेवलं होतं म्हणून निघाली होती. किती दिवसांची सुट्टी, तिनं विचारलं. मी म्हटलं, रिटायर होईपर्यंत. इथंच, जुन्या जागेवर.

ती चपला घालता घालता थांबली. मग एक चप्पल घातलेली आणि एक हातात, तशीच आत आली आणि माझ्यासाठी चहा टाकला. दुधाकडं बघत उभी होती. माझ्याकडं वळली नाही. दूध उतू गेलं, तिच्या डोळ्यांसमोर. एरवी तिच्या हातून असं कधी होत नाही. बस चुकली तिची. मी म्हटलं, रिक्षानं नाक्यापर्यंत सोडतो. सोडलं.

ओल कुठंही नाही. सगळं तपासलं.

११ जानेवारी १९८१, रविवार

आता रविवारी सकाळी वरच्या खोलीत वर्ग भरतो. जिल्ह्यांतून आलेली मुलं, इंग्रजीला घाबरतात. अरुणा त्यांना मराठीतून पुन्हा शिकवते. कॉलेजातल्या काहींना हे आवडलेलं नाही, शिकवणी चालवते म्हणतात. तिनं विभागप्रमुखांना येऊन बघायचं आमंत्रण दिलं. ते आले, खिडकीशी बसले, आणि मग आईच्या हातच्या घावण्यांवर त्यांनी भाषणच केलं. विषय संपला.

मी चहा घेऊन वर जातो आणि मागं थोडा वेळ थांबतो. कप परत न्यायचे असतात.

आज तिनं मुलांना विचारलं, या घरात चूक कुठं झाली आहे, शोधा. कोणी बोलेना. बाईंच्या घरात बाईंसमोर बाईंची चूक कोण काढणार? ती एकेकाकडं बघत राहिली. शेवटी मी हात वर केला.

“बोला, गमरे,” ती म्हणाली.

मी उभा राहिलो. म्हटलं, खालच्या न्हाणीघराचं दार आत उघडताना बेसिनला आपटतं. बेसिन वीतभर पलीकडं हवं होतं, किंवा दार बाहेर उघडायला हवं होतं.

अरुणानं फळ्यावर तेवढा भाग काढला, दार उघडताना कुठवर फिरतं ते पाव वर्तुळ काढून बघितलं, आणि वर्गाकडं वळून म्हणाली, “बरोबर. ही माझी चूक आहे. आठ महिने मी रोज ते दार उघडते आणि मला दिसली नाही.” मग मुलांना म्हणाली की क्लायंट बोलत नसेल तर समजावं, आपण विचारायचं कुठंतरी थांबलोय. माझ्याकडं बघत नव्हती, पण कान लाल झाले होते. पहिल्या टेबलाशी बसलेल्या मुलानं हे सगळं लिहून घेतलं. माझं नावही लिहिलं.

खाली जाताना आईनं विचारलं, वर काय पराक्रम केलास, पोरं हसतायत. मी सांगितलं की माझं उत्तर बरोबर आलं.

संध्याकाळी पोपट हजर. म्याडमनी निरोप धाडला, दार उतरवून उलटं बसवायचंय. हत्यारं घेऊनच आला होता. अरुणा वह्या घेऊन वर बसली होती.

सकाळी अरुणा उठली की ते दार बेसिनला हळूच लागतं. आई उठली की जरा जोरात, आणि मित्रा धाडकन. मी कट्ट्यावर पेपर घेऊन बसलेला असतो, वर न बघता कोण उठलं ते ओळखतो. नागपूरच्या खोलीचं दार फार चांगलं होतं. कशालाच लागत नसे.

पोपटला मी चहा पाजला आणि सांगितलं की आत्ता राहू दे, पावसाळ्यात लाकूड फुगतं, पावसाळा संपल्यावर बघू.

तो म्हणाला, “साहेब, पावसाला कवाच संपला. जानेवारी हाय.”

मी म्हटलं, मग पुढचा.